मंचेरियलमधली कलनाची पुस्तकं

मंचेरियलच्या मराठी घरांतली इंटरची मुलं मला हमखास विचारतात, “सर, कलनासाठी कुठलं पुस्तक घेऊ?” या मुलखात त्याचं उत्तर राज्याच्या भाषेबरोबर बदलत आलं. हा आदिलाबादचा मुलूख निजामाच्या राज्यात होता तेव्हा उच्च शिक्षण उर्दूत आणायचं ठरलं. त्यासाठी १९१७ मध्ये हैदराबादेत ‘दारुल तर्जुमा’ हा भाषांतर विभाग निघाला, पुढच्या वर्षी उस्मानिया विद्यापीठ. विज्ञान-गणिताची पाठ्यपुस्तकं देशी भाषेत उभी करण्याचं ते धाडस मला फार मोठं वाटतं. पुढे राज्याची भाषा तेलुगू झाली आणि १९६८ मध्ये त्या भाषेत पाठ्यपुस्तकं काढणारी तेलुगू अकादमी आली. आमची मुलं आजही तिचीच पुस्तकं वापरतात. विकलन पहिल्या वर्षी, संकलन दुसऱ्या.

पण सुरुवातीला मी सिल्व्हेनस थॉम्पसनचं ‘कॅल्क्युलस मेड इझी’ हाती देतो. १९१० मध्ये ते लेखकाच्या नावाविना निघालं होतं. सीमेच्या काटेकोर व्याख्येत न अडकता तो चौरस घेतो. बाजू १०, ती ०.०१ ने वाढवा. क्षेत्रफळ ०.२००१ ने वाढतं: दोन पट्ट्यांचे ०.२, कोपऱ्यातल्या चिमुकल्या तुकड्याचे ०.०००१. वाढ आणखी बारीक करा, कोपरा नगण्य होत जातो, आणि १० पाशी वाढीचा दर २० का, हे मुलाला दिसतं.

ते दिसल्यावर अकादमीची उदाहरणं. पदवीला जाणाऱ्यांना शांतिनारायण यांची कलनाची पुस्तकं. उत्तरांच्या गाइडची शिफारस मी करत नाही; त्यात पायऱ्या असतात, कारणं नसतात.