परवलीच्या शब्दाऐवजी ‘पासकी’

संगणकाच्या दारावर परवलीचा शब्द पहाऱ्याला बसला तो १९६०च्या दशकाच्या आरंभी. एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरता यावा, अशी प्रणाली अमेरिकेतील ‘एमआयटी’मध्ये फर्नांडो कॉर्बाटो यांच्या चमूने उभारली होती. ज्याच्या त्याच्या फायली सुरक्षित राहाव्यात, म्हणून प्रत्येकाला परवलीचा शब्द देण्यात आला. १९६६ साली त्याच प्रणालीत दोन फायलींची अदलाबदल झाली आणि संगणकावर येणाऱ्या प्रत्येकाला नित्याच्या सूचनेऐवजी साऱ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादीच वाचावयास मिळाली! २०१२ मध्ये ‘लिंक्डइन’चे सुमारे ६५ लाख परवलीचे शब्द संकेतबद्ध रूपात उघड झाले, २०१६ मध्ये तो आकडा ११ कोटी ७० लाखांवर गेला. दोन्ही घटनांचे मूळ एकच. परवलीचे गुपित वापरकर्त्याप्रमाणेच सर्व्हरलाही कोणत्या ना कोणत्या रूपात जपावे लागते.

‘पासकी’ नेमके हेच टाळते. संकेतस्थळावर नोंदणी करताना मोबाइल किंवा संगणक किल्ल्यांची एक जोडी तयार करतो. खासगी किल्ली वापरकर्त्याकडेच राहते, तर सार्वजनिक किल्ली सर्व्हरकडे जाते. पुढे प्रवेशाच्या वेळी सर्व्हर एक यादृच्छिक अंकमालिका पाठवितो. वापरकर्त्याने बोटाचा ठसा, चेहरा किंवा पिन दाखविताच यंत्र खासगी किल्लीने त्या मालिकेवर डिजिटल स्वाक्षरी करते आणि सर्व्हर सार्वजनिक किल्लीने ती पडताळतो. बोटाचा ठसा यंत्राबाहेर जात नाही. सर्व्हर फोडणाऱ्या चोराच्या हाती सार्वजनिक किल्ल्या लागतात. त्यांच्या आधारे कोणाच्याही नावाने आत शिरता येत नाही.

दुसरा लाभ अधिक मोलाचा आहे. पासकी संकेतस्थळाच्या नावाशी बांधलेली असते. बँकेच्या नावात एका अक्षराचा फरक करून थाटलेल्या बनावट पानावर माणूस फसतो, मोबाइलवर आलेला ओटीपीही भाबडेपणाने तेथे टाकतो; ब्राउझर मात्र त्या पानाला किल्ली देतच नाही.

या पद्धतीचे ‘वेबऑथन’ हे मानक वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने मार्च २०१९ मध्ये संमत केले. अॅपल, गूगल व मायक्रोसॉफ्ट यांनी मे २०२२ मध्ये एकत्रितपणे तिचा पुरस्कार केला. सर्व्हर चालविणाऱ्यांना आता सारे मुळापासून लिहिण्याची गरज नाही, आणि स्वाक्षरी पडताळण्याची आज्ञावली स्वतः लिहिण्याचे धाडस कोणी करूही नये. जावातील ‘स्प्रिंग सिक्युरिटी’मध्ये ही सोय २०२४ च्या ६.४ या आवृत्तीपासून आली. इतर भाषांसाठीही तयार संग्रह उपलब्ध आहेत.

तरीही काही निर्णय विकासकालाच घ्यावे लागतात. अंकमालिका किमान १६ बाइटची, दर वेळी नवी आणि एकदाच चालणारी हवी. तिचा पुनर्वापर होऊ दिला, तर जुनी स्वाक्षरी पुन्हा चालविण्यास वाट मिळते. उत्तर कोणत्या पत्त्यावरून आले आणि वापरकर्त्याची खातरजमा झाल्याची खूण त्यात आहे काय, हे सर्व्हरनेच तपासायचे. एका खात्याला अनेक किल्ल्या जोडता येतील अशीच माहितीकोशाची रचना हवी. वापरकर्त्याची ओळख म्हणून ई-मेलऐवजी अर्थहीन क्रमांक द्यावा. संकेतस्थळाचे नाव तर विचारपूर्वकच ठरवावे, कारण ते पुढे बदलल्यास जुन्या किल्ल्या सहजासहजी चालत नाहीत. आणखी एक खाच म्हणजे स्वाक्षऱ्यांचा गणक. किल्लीची नक्कल झाल्यास ती ओळखता यावी म्हणून मानकात त्याची तरतूद आहे. परंतु क्लाउडमधून अनेक यंत्रांवर पोहोचणाऱ्या पासकी बहुधा शून्यच कळवितात. गणक वाढलाच पाहिजे, असा हट्ट धरणारा सर्व्हर प्रामाणिक ग्राहकालाच दाराबाहेर ठेवील.

खरी कसोटी लागते ती मोबाइल हरवल्यावर. क्लाउडमध्ये जपलेली पासकी नव्या यंत्रावर परत मिळते. केवळ एकाच यंत्रात ठेवलेली मात्र त्याच्याबरोबर जाते. अशा वेळी बहुतेक संकेतस्थळे ई-मेल किंवा एसएमएसचा जुना मार्ग खुला ठेवतात. पुढच्या दाराला भक्कम कुलूप आणि मागचे दार नुसते लोटलेले, असा हा प्रकार! चोर मग पासकीच्या वाटेला न जाता ‘प्रवेश करता येत नाही?’ या दुव्यावरच टिचकी मारतो. यासाठी नोंदणीच्या वेळीच दुसरी पासकी अथवा यूएसबी सुरक्षा-किल्ली जोडण्यास सांगावे. खाते परत मिळविण्याच्या विनंतीवर काही काळ थांबून जुन्या पत्त्यावर सूचना धाडावी आणि परवलीचा शब्द बंद करण्याचा पर्याय दुसरी किल्ली जोडल्यानंतरच द्यावा.