तलावाचे नाव, पाण्याचा हक्क

पूर्व विदर्भाबाहेरच्या माणसाने ‘मामा तलाव’ हा शब्द प्रथमच ऐकला, तर त्याला त्यात नात्याचा ओलावा जाणवेल. वस्तुतः हा शब्द महसुली कागदांतून लोकांच्या तोंडी आला आहे. ‘माजी मालगुजारी’ या दोन शब्दांची ही आद्याक्षरे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत असे साडेसहा हजारांहून अधिक तलाव आहेत. मालगुजारी जाऊन सात दशके लोटली, तरी गेलेल्या मालकाची आठवण तलावांच्या नावात टिकून आहे. त्याच पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या जाळे टाकणाऱ्यांची आठवण मात्र या नावात नाही. इतिहासलेखनाच्या दृष्टीने हा विसर तपासून पाहण्याजोगा आहे.

या तलावांचा जो इतिहास सामान्यतः सांगितला जातो, तो बांधणाऱ्यांचा इतिहास आहे. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने वैनगंगेच्या खोऱ्यात भातशेतीसाठी तलाव बांधले, हे त्याचे मुख्य सूत्र. (कोहळी म्हणजे कोळी नव्हेत. कोहळी हे शेतकरी आणि तलाव बांधण्यात निष्णात असलेले लोक.) नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशय अठराव्या शतकाच्या आरंभी कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे मानले जाते, आणि परिसरात कोलासूर देव म्हणून त्यांचे पूजनही होते. तलाव बांधणारा देवत्वाला पोहोचावा, यात त्या भूमीची कृतज्ञता दिसते. पण पाळ बांधून झाल्यावर तलावाचे पुढचे आयुष्य सुरू होते. पाळीवर नजर ठेवणे, गाळाचा अंदाज घेणे, कोणत्या महिन्यात कोणता मासा कुठे असेल हे जाणणे, ही सारी त्या पुढच्या आयुष्यातली कामे. ती ज्यांनी केली, त्यांत ढीवर प्रमुख होते.

रसेल आणि हिरालाल यांनी 1916 साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात कोहळी आणि ढीमर यांच्यावर स्वतंत्र नोंदी आहेत. ढीमरांच्या नोंदीत मासेमारीबरोबर पालखी वाहणे, घरोघरी पाणी भरणे आणि तलावात शिंगाड्याचे पीक घेणे असे व्यवसाय येतात. तलाव हा त्यांचा आधार होता. परंतु नोंदकर्त्याच्या नजरेत ते मुख्यतः सेवेकरी होते. मराठी भाषेनेही ‘भोई’ हा शब्द पालखीच्या दांडीलाच बांधून ठेवला. समीक्षेच्या लेखनात ‘कोणाच्या पालखीचे भोई होणे’ हा वाक्प्रयोग आपण सहज करतो. भोयाच्या दुसऱ्या हातात जाळे होते, हे त्या वाक्प्रयोगात कुठेच उमटत नाही. मासेमार म्हटले की मराठी वाचकाच्या मनात समुद्रच उभा राहतो. गोड्या पाण्यातला मासेमार साहित्यात आला तरी बहुधा पार्श्वभूमीपुरता. मारुती चितमपल्ली (निधन 2025) यांच्या ‘नवेगावबांधचे दिवस’सारख्या लेखनाने या प्रदेशाला मराठी गद्यात मानाचे स्थान दिले. त्या वाटेने पुढे जाऊन ढीवरांचा स्वतंत्र इतिहास लिहिण्याचे काम अजून व्हावयाचे आहे.

नागपूरचे भोसले राज्य 1854 मध्ये खालसा झाले, 1861 मध्ये मध्य प्रांताची निर्मिती झाली, आणि त्यानंतरच्या जमाबंदीत मालगुजारांना गावाची मालकी मिळाली. तलावही त्यात आले. या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. मालगुजाराची मर्जी, वेठ आणि जातीची उतरंड यांच्या आतच ढीवराचे जाळे पडत असे. तरीही गावच्या रूढी नोंदवणारा ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा दस्तऐवज त्या काळी होता. रूढीला कागदावर निदान एक जागा होती.

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि 1951 पासून तलाव शासनाच्या मालकीचे झाले. पुढे शंभर हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदांकडे आणि त्यांहून मोठे राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे अशी विभागणी झाली. मालकी बदलली, त्यासोबत रूढीचे कायदेशीर स्थानही बदलले. 1966 च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही वाजिब-उल-अर्ज आहे (कलम 165), आणि त्यात मासेमारीच्या हक्काचा स्पष्ट उल्लेख आहे. मात्र ही नोंद जे पाणी शासनाच्या किंवा स्थानिक प्राधिकरणाच्या मालकीचे वा ताब्यातले नाही, तेवढ्याच पाण्यापुरती आहे. मामा तलाव तर नेमके या दोघांकडेच गेलेले होते. ज्या सुधारणेने मालगुजार हटवला, तिनेच ढीवराच्या रूढीला नोंदीच्या चौकटीबाहेर ठेवले. यात कोणाचा दुष्ट हेतू शोधण्याची गरज नाही. मालकी आणि वहिवाट यांतला भेद न ओळखणाऱ्या कायद्याचा तो स्वाभाविक परिणाम होता.

रूढीच्या जागी ठेका आला. ढीवरांच्या सहकारी संस्था स्थापन झाल्या आणि तलाव ठरावीक मुदतीसाठी त्यांना मिळू लागले. वंशपरंपरेने ज्या पाण्यावर वावर होता, त्याच पाण्यासाठी आता रक्कम भरणे आले. रक्कम भरायची तर उत्पन्नाची हमी हवी, आणि या गरजेने तलावातले मासेही बदलले. मरळ, शिंगी, मागूर, वाम हे इथले जुने रहिवासी. उथळ, गढूळ पाण्यात ते तग धरतात आणि तिथेच वाढतात. कतला, रोहू आणि मृगळ यांची गोष्ट वेगळी. त्यांना प्रजननासाठी पावसाळी नदीचा प्रवाह लागतो. साचलेल्या पाण्यात ते सहसा अंडी घालत नाहीत. 1957 मध्ये हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवले आणि बाहेरून आणलेले मत्स्यबीज तलावात सोडण्याची पद्धत देशभर रुळली. उत्पादन वाढले, हे निर्विवाद. पण तलावाचे बीज तलावातच उरत नाहीसे झाले. दरवर्षी ते विकत घ्यावे लागते. पहिल्या पावसात सांडव्यावरून उलट चढणाऱ्या माशांची वाट पाहणारा ढीवर आता बीजाच्या गाडीची वाट पाहू लागला. शिवाय तलावाचे प्रथम प्रयोजन सिंचन असल्याने भाताला पाणी सोडताना माशांपुरते पाणी राखावे की नाही, हा निर्णय त्याच्या हाती नसतो.

या इतिहासातील सर्वांत विचित्र विसंगती वर्गीकरणात आहे. महाराष्ट्राच्या यादीत भोई आणि त्यांच्या पोटजाती, त्यांत ढीवरही, ‘भटक्या जमाती’ या प्रवर्गात मोडतात. ज्यांचे जगणे एका गावच्या एका तलावाला बांधलेले, ते कागदावर भटके. हा प्रवर्ग सवलतींसाठी आवश्यक आहे, यात शंका नाही. परंतु शब्दाचे परिणाम दुसऱ्याच ठिकाणी जाणवतात. 2006 च्या वनहक्क कायद्याने मासे आणि पाणवठ्यांतील इतर उत्पादने यांवरील सामूहिक हक्क प्रथमच स्पष्ट शब्दांत मान्य केला. मात्र अनुसूचित जमातींत न मोडणाऱ्यांना 13 डिसेंबर 2005 पूर्वीच्या तीन पिढ्या, म्हणजे पंचाहत्तर वर्षे, तिथल्या वनावर उपजीविका असल्याचे सिद्ध करावे लागते. जंगलाच्या कुशीतल्या तलावावर जगणाऱ्या ढीवराने हा पुरावा कोठून आणावा? महसुली दप्तरात मालकाचे नाव आहे, दंतकथेत बांधणाऱ्याचे. त्याच्या आजोबांच्या जाळ्याची नोंद कोणी ठेवलेली नाही.

इतिहासाची उणीव ही अभ्यासकाची गैरसोय असते, अशी आपली समजूत आहे. येथे ती कोणाच्या तरी उद्याच्या जेवणाशी जोडलेली आहे. अर्जुनी मोरगाव परिसरात अलीकडे ढीवरांच्या संस्था आणि स्त्रियांचे गट तलावातली बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावत आहेत, म्हणजे मरळ-शिंगीसारख्या माशांना पुन्हा आसरा मिळावा. कोणती वनस्पती कोणत्या माशाची, हे त्यांना आजही ठाऊक आहे. हे ज्ञान, त्यातील शब्द आणि माशांची गावोगावची नावे लिहून घेणे हे भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासकांना सहज करता येण्याजोगे काम आहे. गोळा झालेले ते शब्द उद्या शब्दकोशात तर जातीलच, कदाचित एखाद्या ग्रामसभेच्या दाव्याला पुरावा म्हणूनही जोडले जातील.