प्लाझ्मा उपचार: आशा आणि पुरावा

आजारातून बऱ्या झालेल्या माणसाच्या रक्तातील प्लाझ्मा रुग्णाला देण्याचा उपाय १९१८ च्या इन्फ्लुएन्झा साथीतही योजला गेला होता. २०२० मध्ये कोविडने तो पुन्हा पुढे आणला. रुग्णांचे नातेवाईक दात्यांच्या शोधात वणवण करू लागले. परंतु या उपायाने जीव वाचतो का, हे सिद्ध झालेले नव्हते.

ते तपासण्यासाठी भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने देशातील ३९ रुग्णालयांत 'प्लॅसिड' चाचणी घेतली. प्राणवायूची पातळी खालावलेल्या, पण अद्याप अत्यवस्थ न झालेल्या ४६४ रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी झाली. २३५ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत प्लाझ्मा मिळाला, २२९ जणांना केवळ नेहमीचे उपचार. २८ दिवसांत गंभीर झालेल्या किंवा दगावलेल्या रुग्णांचे प्रमाण पहिल्या गटात १९ टक्के, तर दुसऱ्यात १८ टक्के भरले.

दुसरा गट नसता, तर सावरलेल्या प्रत्येक रुग्णाचे श्रेय प्लाझ्मालाच गेले असते. हे निष्कर्ष ऑक्टोबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतून प्लाझ्मा वगळला गेला तो मात्र मे २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना. पुरावा सहा महिन्यांत हाती आला. आशा सोडायला त्याहून अधिक काळ लागला.