अंबरनाथचे कारखाने आणि गतिकीचा विद्यार्थी

गतिक प्रणाली व यंत्रमानवशास्त्र या विषयांचा अभ्यास करणारा आपल्याकडील अभियांत्रिकीचा विद्यार्थी एकाच वेळी तीन भाषांत वावरत असतो. एक समीकरणांची, दुसरी व्याख्यानातील इंग्रजी आणि तिसरी कार्यशाळेतील मिश्र मराठी. या विषयांच्या अध्यापनाचा इतिहास म्हणजे या तीन भाषांमधील अंतराचा इतिहास होय, असे प्रस्तुत लेखात सुचवावयाचे आहे.

या इतिहासाचा आरंभ वाफेच्या यंत्रापाशी होतो. जेम्स वॉट याने १७८८ साली आपल्या यंत्रास वेगनियामक जोडला. वेग वाढला की त्यातील फिरते गोळे वर उचलले जात आणि वाफेची झडप आपोआप मिटू लागे. परंतु कित्येकदा यंत्र स्थिर न होता आळीपाळीने वेगवान व मंद होत राही. या दोलनाची गणिती मीमांसा मॅक्सवेल याने १८६८ साली केली. मुंबईत १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट स्थापन झाली, तेव्हा शहरातील गिरण्या वाफेवरच चालत होत्या. वर्गात शिकावयाची वस्तू शहरात लोखंडाच्या रूपाने उभी होती.

मुंबईत १९५८ साली युनेस्को व सोव्हिएत संघ यांच्या साहाय्याने भारतीय प्रौद्योगिकी संस्था सुरू झाली. कालमन याचे प्रसिद्ध निबंधही याच सुमाराचे, १९६० सालचे. विमान, बाष्पक आणि यांत्रिक हात यांना आता एकाच स्वरूपाची समीकरणे लागू पडू लागली. हा लाभ फार मोठा होता. मात्र त्यासाठी वस्तू नजरेआड करावी लागली.

याच काळात अंबरनाथ येथे वस्तूच प्रधान होती. तेथे १९५३ साली मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी निघाली, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाची वसाहतही पुढे तेथे वाढली. लेथचे चाक उलट फिरविले असता स्क्रू तत्काळ हलला नाही, तर कारागीर म्हणतो, 'यात प्ले आहे'. वर्गात यालाच 'बॅकलॅश' म्हणतात, आणि गणित सोपे व्हावे म्हणून तो पुष्कळदा वगळतात. दोन्ही शब्दांचा अर्थ एकच आहे, हे विद्यार्थ्याला कोणी सांगितले नाही तर तो विषय पाठ करतो. समजून घेत नाही.

ही फारकत यंत्रमानवांच्या स्पर्धांनी काही अंशी भरून काढली. आशिया-पॅसिफिक प्रसारण संघाची 'रोबोकॉन' २००२ साली सुरू झाली. २००८ साली ती पुण्यात भरली, तेव्हा तिचा विषय दहीहंडीवर बेतला होता. उंचावरील मडक्यांतून 'लोणी' काढण्याचे काम यंत्रांना करावयाचे होते. अशा यंत्राची जुळणी करताना विद्यार्थ्याला येणारा अनुभव ठरलेला असतो. संगणकाच्या पडद्यावर स्थिर असलेला हात प्रत्यक्षात थरथरतो. घर्षण, प्ले आणि संदेशास लागणारा विलंब, म्हणजे समीकरणातून गाळलेले सारे, तेथे परत येते. गणित खोटे नव्हते, अपुरे होते, हा बोध पुस्तकातून सहसा होत नाही.

शब्दांचेही असेच आहे. 'रोबोट' हा शब्द चापेक याच्या १९२० सालच्या नाटकातून जगभर गेला. त्याचे मूळ चेक भाषेतील 'रोबोटा', म्हणजे वेठ. मराठीने 'यंत्रमानव' हा शब्द घडविताना वेठ सोडली आणि माणूस ठेवला. त्यामुळे माणसाची आकृती मनात धरून आलेल्या विद्यार्थ्याला कारखान्यात जमिनीला जखडलेला एक हात दिसतो.

२०२१ साली पिंपरी-चिंचवड येथील एका महाविद्यालयात मराठीतून अभियांत्रिकीची पदवी देण्याचा उपक्रम सुरू झाला. तो संगणकशाखेपुरता होता. गतिकीच्या क्षेत्रात असा प्रयत्न व्हावयाचा असेल, तर 'डॅम्पिंग'च्या जागी 'अवमंदन' लिहून भागणार नाही. थांबत जाणारा झोका आणि तळहातावर तोललेली काठी ही उदाहरणे प्रत्येक मुलाच्या अनुभवात असतात. 'प्ले' हा शब्द अंबरनाथच्या कारागिराच्या तोंडी असतो. समीकरण या दोहोंपर्यंत पोहोचले, तरच ते मराठीत आले असे म्हणता येईल.