तांबडा सूर्य आणि रंगद्रव्याचा थर

बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेकडे कोडाईकनाल वेधशाळेत टिपलेल्या सूर्याच्या छायाचित्रांचा शतकभराचा संग्रह आहे. त्यात कॅल्शियमच्या ३९३.४ नॅनोमीटर प्रकाशातील चित्रे १९०४ पासूनची, तर हायड्रोजनच्या ६५६.३ नॅनोमीटर तांबड्या प्रकाशातील चित्रे १९१२ पासूनची आहेत. या दुसऱ्या मालिकेसाठी प्लेटमध्ये एक जास्तीचा घटक लागतो. तो कोणता, ते पाहू.

सिल्व्हर ब्रोमाइडचा स्फटिक जांभळा-निळा प्रकाश शोषतो. सुमारे ५०० नॅनोमीटरच्या पुढे त्याला जवळजवळ काहीच 'दिसत' नाही. १८७३ मध्ये बर्लिनच्या हर्मान फोगेल यांना आढळले की, योग्य रंगद्रव्य मिसळल्यास प्लेट इतर रंगांनाही प्रतिसाद देते. प्रकाश रंगद्रव्य शोषते आणि इलेक्ट्रॉन स्फटिकाला मिळतो. १९०५ च्या सुमारास जर्मनीत पिनासायनॉल हे रंगद्रव्य तयार झाले आणि तांबड्या रंगाचे दार उघडले. १९०८ मध्ये अमेरिकेत जॉर्ज हेल यांनी हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशात सूर्य टिपला.

पण स्फटिकावर बसलेले रंगद्रव्य द्रावणातल्यासारखे का वागत नाही? याचा धागा १९३६ मध्ये मिळाला. इंग्लंडमध्ये एडविन जेली आणि जर्मनीत ग्युंटर शायबे यांनी स्वतंत्रपणे पाहिले की, स्यूडोआयसोसायनिनचे द्रावण दाट केले की सुमारे ५२५ नॅनोमीटरचा रुंद शोषणपट्टा मागे पडतो आणि ५७३ च्या आसपास अरुंद, तीव्र पट्टा उमटतो. रेणू एकत्र येऊन समुच्चय बनवतात. जेलींच्या आद्याक्षरावरून त्याला 'जे-समुच्चय' म्हणतात. फळीवर तिरकी कलंडलेली पुस्तके डोळ्यांसमोर आणा. चपटे रेणू असे सरकून रचले गेले की शोषण लांब तरंगलांबीकडे जाते. अगदी समोरासमोर रचले गेले तर आखूड तरंगलांबीकडे. स्फटिकाच्या पृष्ठभागावर रेणूंची दाटी होते, त्यामुळे तिथे असे समुच्चय सहज बनतात.

म्हणजे वापर आधी आला आणि उलगडा साठ वर्षांनी.

आज या प्लेटांच्या डिजिटल प्रतींवरून सूर्याचे दीर्घकालीन बदल मोजले जातात. मात्र प्लेटवरचा काळेपणा एकट्या सूर्याचा नसतो. कोणते रंगद्रव्य होते आणि ते कसे रचले गेले, याचाही त्यात वाटा असतो. म्हणून वेगवेगळ्या दशकांतील दोन चित्रांची तुलना करताना आधी स्वतःला विचारा: बदलला तो सूर्य की प्लेट?