नांदगांवचा वेध

विद्वान् मनुष्य देश सोडून गेला म्हणजे विद्याहि त्याच्याबरोबर गेली, असें मानण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. पुण्याच्या सदाशिव पेठेंत तर हा नित्याचा विषय. तेथील अनेक घरांतलीं मुलें परदेशीं संशोधन करितात, आणि मागें राहिलेलीं वडील मंडळी त्याचा अभिमानहि सांगतात व खेदहि. परंतु शास्त्रज्ञांनीं महाराष्ट्र सोडणें ही आजची गोष्ट नव्हे. सुमारें चारशें वर्षांपूर्वीं आमच्या ज्योतिष्यांचीं सबंध कुळें काशीस गेलीं. त्यांच्याबरोबर काय गेलें व काय गेलें नाहीं, हें पाहूं गेल्यास वरील समज बराच सुधारावा लागतो.

रायगड जिल्ह्यांत मुरुडजवळ समुद्रकांठीं नांदगांव आहे. तेथील केशव दैवज्ञानें इ. स. १४९६ मध्यें ‘ग्रहकौतुक’ रचिलें. जुन्या ग्रंथांवरून काढलेलें ग्रहांचें स्थान व आकाशांत दिसणारें स्थान यांत अंतर पडतें, हें त्यानें स्वतः वेध घेऊन ताडून पाहिलें. आणि पुढील गणकांनींहि असेच वेध घेऊन गणित सुधारीत जावें, असें सांगून ठेविलें. त्याचा पुत्र गणेश यानें १५२० मध्यें ‘ग्रहलाघव’ लिहिलें. ज्या ग्रहाचें जें मान आकाशाशीं जुळलें तें त्यानें घेतलें, आणि ज्याचापांची खटपट काढून टाकून गणित अत्यंत सुलभ केलें.

गणेशाचा शिष्य दिवाकर हा गोदावरीकांठच्या गोलग्रामचा. त्याच्या वंशजांनीं काशीची वाट धरिली. तेथें देशोदेशींचे पंडित जमत, वाद होत, आश्रयहि मिळे. विदर्भांतील दधिग्रामाहून गेलेल्या बल्लाळाच्या कुळांतील कृष्ण दैवज्ञास तर जहांगीर बादशहाच्या दरबारीं मान होता. दिवाकराचा पुत्र मल्लारि यानें ग्रहलाघवावर टीका लिहिली, दुसरा पुत्र विश्वनाथ यानें उदाहरणें करून दाखविलीं. पणतू कमलाकर यानें १६५८ मध्यें काशींत ‘सिद्धान्ततत्त्वविवेक’ पुरा केला, व त्यांत समरकंदच्या उलूगबेगाच्या परंपरेंतील माहितीहि घेतली. इतका मोकळा मनुष्य! तथापि प्रामाण्याचा प्रश्न येतांच तो सूर्यसिद्धान्तापाशीं थांबला.

ग्रंथ काशीस पोहोंचला. ग्रंथ तपासण्याची केशवाची रीत वाटेंतच राहिली. परंतु याचा दोष केवळ गेलेल्यांस देणें अन्यायाचें होईल. मागें राहिलेल्यांनीं ग्रहलाघव तोंडपाठ केलें आणि आकाशाकडे पाहण्याचें सोडलें. त्याच किनाऱ्यावरील नागांवच्या केरो लक्ष्मण छत्रे यांनीं मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत काम करून हें शास्त्र नव्यानें हस्तगत केलें, पुढें पुण्यास अध्यापन केलें, आणि १८६० मध्यें युरोपीय गणितावरून ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ प्रसिद्ध केलीं. मध्यें ३४० वर्षें गेलीं. या नव्या गणितावरून पटवर्धनी पंचांग निघूं लागतांच येथें वादहि पेटला! केरोपंतांस परदेशीं जावें लागलें नाहीं, कारण वेधशाळा त्यांच्या प्रांतांत होती व ते तींत रात्रंदिवस राबले.

शंकर बाळकृष्ण दीक्षितांनीं १८९६ च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’ंत या कुळांचा वृत्तांत परिश्रमानें जुळविला आहे. तो वाचतांना आम्हांस वाटतें कीं, गेलेला मुलगा परत येईल कीं नाहीं हा प्रश्न दुय्यम होय. त्यानें पाठविलेला ग्रंथ येथें कोणी तपासून पाहतो काय, यावर विद्या गेली कीं राहिली हें ठरतें.