तीन वाजता पब बंद

तारीख २५ जून १९८३, वार शनिवार. लंडनमधल्या सेंट जॉन्स वुड स्टेशनाच्या जिन्यावरून तुम्ही वर येता. लॉर्ड्स इथून चालत पाच-सात मिनिटांवर आहे आणि सगळी गर्दी तिकडेच निघालीय. तुमच्याकडे तिकीट नाही. खिशातला मोबाइल निकामी, कार्डाला इथे कुणी विचारत नाही. नशिबाने कोटाच्या खिशात थोडे पाउंड निघतात. त्यातली नाणी दोनच महिन्यांपूर्वी, एप्रिलमध्ये, चलनात आली आहेत. पेपरवाला त्यातलं एक उलटंपालटं करून बघतो आणि नाइलाजाने गल्ल्यात टाकतो.

तुम्हाला हवंय ते साधंच: एक पब, पबात टीव्ही, टीव्हीवर विश्वचषकाचा अंतिम सामना. निकाल तुम्हाला पाठ आहे. म्हणूनच तर आलात.

पहिल्या पबात टीव्हीच नाही. मालकाला विचारलंत तर तो म्हणतो, लोक इथे बोलायला येतात. दुसऱ्या पबात आहे, पण कोपऱ्यात फळीवर ठेवलेला, आपल्याकडे तेव्हा शेजाऱ्यांच्या घरी असे तेवढाच. त्यावर विम्बल्डन चाललंय, कारण स्पर्धेचा पहिला आठवडा संपतोय आणि इंग्रजांना टेनिस आधी, क्रिकेट नंतर. खोलीत सिगारेटचा धूर असा दाटलाय की मूळचं पांढरं छत चहाच्या रंगाचं झालंय. पबात सिगारेट बंद व्हायला अजून चोवीस वर्षं आहेत. जमिनीवर गालिचा आहे आणि त्यावर पाय किंचित चिकटतो.

टेबलाशी बसून वेटरची वाट पाहू नका, तो येणार नाही. उठा, काउंटरवर जा, कोपर टेकवा आणि मालकाची नजर आपल्याकडे वळेपर्यंत थांबा. टाळी वाजवायची नाही, ‘बॉस’ म्हणून हाक मारायची नाही, नोट हलवायची नाही. पाइंट घ्या, पैसे तिथल्या तिथे चुकते करा, मग शेजारच्याला सहज विचारा, जरा क्रिकेट लावता येईल का? तुम्ही मालकाला विचारलंत तर तो नाही म्हणेल. त्याच्या रोजच्या गिऱ्हाइकाने विचारलं की लगेच लावेल. ही युक्ती आजही चालते.

चॅनेल बदलतं आणि समोर श्रीकांत. एक गुडघा जमिनीवर टेकवून तो अँडी रॉबर्ट्सला ऑफच्या बाजूला असा काही फटकावतो की काउंटरवरचा म्हातारा पाइंट खाली ठेवतो आणि विचारतो, हा कोण? स्पर्धा सुरू झाली तेव्हा भारतावर एकास सहासष्ट भाव होता. म्हाताऱ्याच्या मते तोही कमीच होता. तुम्ही गप्प राहा. श्रीकांत ३८ वर जाईल, संदीप पाटील २७ करील, भारताच्या १८३ होतील आणि म्हातारा म्हणेल, जेवणानंतर दोन तासांत आटोपेल हे.

मग घंटा वाजते. तीन वाजलेत.

मालक ओरडून सांगतो, वेळ झाली. ग्लास रिकामा करायला दहा मिनिटं मिळतात आणि मग, सामना कुठेही असो, तुम्हाला रस्ता दाखवला जातो. हे मालकाचं लहरीपण नव्हे, कायदा आहे. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार भर दुपारी झिंगू नयेत म्हणून सरकारने पबांना दुपारची सुट्टी लावली. युद्ध संपलं, दुसरंही होऊन गेलं, सुट्टी मात्र कुणी काढलीच नाही. ती १९८८ च्या ऑगस्टपर्यंत टिकेल, रविवारी तर १९९५ पर्यंत. त्यापायी ३० जुलै १९६६ ला इंग्लंडने वेम्बलीवर फुटबॉलचा विश्वचषक जिंकला तेव्हाही पंचाईत होती. तो सामना शनिवारी सुरू झाला दुपारी तीन वाजता, म्हणजे देशातले पब कुलूप लावत होते तेव्हाच. खेळ पाहत बिअर पिण्याची परंपरा आमचीच, असं इंग्रज आज छाती ठोकून सांगतो. त्याला हे ऐकवून बघा.

तर तुम्ही रस्त्यावर. पब उघडतील साडेपाचला. बेटिंगच्या दुकानात डोकावता, तिथे भिंतीवरच्या कर्ण्यातून घोड्यांच्या शर्यतींचं वर्णन घुमतंय, पण टीव्ही नाही. तो ठेवायलाही कायद्याची बंदी आहे, ती उठेल १९८६ ला. लोकांनी जुगार खेळावा, पण त्यात रमू नये, असा सरकारचा हिशेब.

एजवेअर रोडवर टीव्ही विकणारं एक दुकान दिसतं आणि त्याच्या काचेसमोर वीस-पंचवीस माणसं. आत पाच-सहा संच एकाच वेळी सुरू, सगळ्यांवर लॉर्ड्स. आवाज नाही. त्याची सोय एका टॅक्सीवाल्याने केलीय. त्याने ट्रान्झिस्टर काचेच्या कडेला ठेवलाय आणि त्यातून बीबीसीची कॉमेंट्री येतेय. चित्र काचेआड, आवाज काचेबाहेर, आणि दोन्हींचा मेळ तंतोतंत. आज तुमच्या मोबाइलवर विकेट पडायच्या आत शेजारच्या फ्लॅटमधून आरडाओरडा ऐकू येतो, त्यापेक्षा ही सोय कितीतरी बरी.

बलविंदर संधूचा चेंडू ग्रीनिजने सोडून दिला आणि यष्टी उडाली, ते तुम्ही टीव्ही शोधण्याच्या नादात हुकवलंत. पण रिचर्ड्स आहे. तो च्युइंगम चघळत, हेल्मेटबिल्मेट काही नाही, मदनलालला झोडतोय. गर्दीतला एक वेस्ट इंडियन बस कंडक्टर ड्यूटी विसरून हसतोय. २८ चेंडूंत ३३. मग एक फटका जरा उंच जातो, सहाही पडद्यांवर कपिलची पाठ दिसते, तो मागे पळतोय, मान वळवून, न धडपडता. कंडक्टरचं हसू थांबतं. झेल.

“गेला!” तुमच्या डाव्या कानाशी कुणीतरी मराठीत ओरडतं.

वळून बघता. पन्नाशीचे गृहस्थ, टाय सैल, हातात डॉक्टरी बॅग. तुम्हीही मराठीत काहीतरी बोलता आणि ते एकदम खांद्यावर हात टाकतात. “कुठले हो तुम्ही? पुण्याचे? मी दादरचा. संदीपला पार्कात खेळताना पाहिलंय मी.” सुनील, दिलीप, संदीप, रवी, संधू, असे चौदा जणांत मुंबईचे पाच, हे ते बोटांवर मोजून दाखवतात. आज त्यातले तिघेच खेळताहेत, म्हणून थोडे नाराजही आहेत.

तुम्ही म्हणता, साडेपाचला पब उघडले की एखादा चांगलासा गाठू. डॉक्टर मान हलवतात.

“अहो, पब म्हणजे कुठलाही नाही चालत आपल्याला. साउथॉलचा हॅम्ब्रो टॅव्हर्न ठाऊक आहे? जाळला लोकांनी, दोन वर्षं झाली.”

ते सांगतात ते खरं आहे. ३ जुलै १९८१ ला त्या पबात स्किनहेड पोरांच्या आवडीच्या बँडांचा कार्यक्रम होता. बसमधून आलेल्या टोळक्यांनी वाटेत आशियाई लोकांच्या दुकानांच्या काचा फोडल्या, साउथॉलची तरुण पोरं रस्त्यावर उतरली आणि रात्री पब पेटला. त्याच साली एप्रिलमध्ये ब्रिक्स्टनही पेटलं होतं. तिथे अटलांटिक नावाचा पब आहे, वेस्ट इंडियन मंडळींचा अड्डा. इतर ठिकाणी काळ्या माणसाला ग्लास मिळायची मारामार होती तेव्हाही तो त्यांचा होता. आज संध्याकाळी तिथे काय वातावरण असेल याची कल्पना करा. तिथे जाऊन भारताच्या विकेटींवर टाळ्या वाजवायचं धाडस असेल तर जा.

चांगला बार कुठला, हा प्रश्न पर्यटक पडद्याच्या आकारावरून सोडवतो. खरं तर तो आधी घड्याळावर ठरतो आणि मग शेजारी कोण बसलंय त्यावर. १९८३ साली तपकिरी कातडीच्या माणसाला हे कुणी शिकवावं लागत नव्हतं.

“त्यापेक्षा घरी चला,” डॉक्टर म्हणतात, आणि तुम्ही जाता. जुबिली लाइनने वेम्बली पार्क, पुढे दहा मिनिटं चालत. दार उघडणाऱ्या वहिनींना तुम्ही कोण हे विचारायला वेळ नाही, कारण आत सहा बाद झालेत. दिवाणखान्यात अकरा माणसं, त्यातली चार महाराष्ट्र मंडळाची. १९३२ साली न. चिं. केळकरांच्या पुढाकाराने सुरू झालेलं हे मंडळ गणपतीला जेवढं एकत्र येतं तेवढंच आज आलंय. शेंगदाणे, पापड, कांदा. कपाटातून स्कॉच निघते. ती मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली होती, पण दुजाँ बाद झाल्यावर डॉक्टरांचा तोल सुटतो. मोहिंदर अमरनाथ धावत येतोय की चालत, यावर वाद होतो. होल्डिंग पायचीत, १४० वर खलास, ४३ धावांनी विजय. टीव्हीवर माणसं मैदानात घुसतात आणि इथे एक काका सोफ्यावर उभे राहतात, चपलेसकट. वहिनी काही म्हणत नाहीत.

त्या साली लंडनमध्ये हा सामना पाहायची याहून चांगली जागा नव्हती.

आता पुढे सरका. मधली वर्षं भराभर जाऊ द्या. १९९२ च्या ऑगस्टमध्ये प्रीमियर लीग सुरू होते, स्काय वाहिनी सामने विकत घेते, घरोघरी वर्गणी परवडत नाही म्हणून लोक पबात जातात आणि पबांच्या छपरांवर तबकड्या उगवतात. आज ‘स्पोर्ट्‌स बार’ म्हणून जे मिरवतं त्याचा जन्म हा असा, दुपारची सुट्टी उठल्यावर चार वर्षांनी.

थांबा १३ जुलै २००२ ला, साउथॉलच्या साउथ रोडवर, ग्लासी जंक्शन नावाच्या पबात. इथे भारतीय रुपये चालतात. खरंच, काउंटरवर नोट टाका, पाइंट घ्या. चकण्याला सीख कबाब. पडद्यावर लॉर्ड्सवरचा भारत-इंग्लंड अंतिम सामना: इंग्लंडच्या ३२५, आपले पाच बाद १४६. सचिन गाइल्सच्या फिरकीवर त्रिफळाचीत झाला तेव्हा अर्धा पब उठून गेला, दाराशी अजून माणसं जॅकेट चढवताहेत. त्यांना अडवू नका. मोकळ्या झालेल्या खुर्च्यांतली पडद्यासमोरची पकडा. युवराज आणि कैफ आता १२१ धावा जोडणार आहेत. तिकडे अलाहाबादला कैफचे आईवडीलसुद्धा सामना हरलाच असं समजून ‘देवदास’ बघायला गेलेत. शेवटच्या षटकात कैफच्या जोडीला आपला श्रीरामपूरचा झहीर, विजयाची धाव पळतानाचा गोंधळ, गांगुली बाल्कनीत शर्ट फिरवतोय, आणि जॅकेट घालून गेलेली माणसं धावत परत येताहेत. हा पब २०१२ मध्ये बंद पडला. बिचाऱ्या पर्यटनाच्या पुस्तकांत त्याचं नाव पुढेही बरीच वर्षं छापून येत राहिलं असेल.

शेवटचा मुक्काम १४ जुलै २०१९, रविवार. वेस्ट केन्सिंग्टन स्टेशनाजवळचा फेमस थ्री किंग्ज, भिंतीभिंतीला पडदे. विश्वचषकाचा अंतिम सामना, विम्बल्डनचा अंतिम सामना आणि सिल्व्हरस्टोनची मोटारशर्यत, सगळं एकाच दिवशी. भारत चार दिवसांपूर्वीच मँचेस्टरला बाहेर पडलाय आणि निळे टी-शर्ट घातलेली कितीतरी माणसं महागाची तिकिटं हातात घेऊन लॉर्ड्सवर परक्यांचा सामना बघताहेत. इथे पेच वेगळा: डोळ्यांना पडदे हवे तेवढे, पण आवाज एकाचाच. म्हणून आत शिरताच ‘सामना लागतो का’ असं विचारू नका, ‘आवाज कशाचा’ ते विचारा. फेडरर-जोकोविच जवळजवळ पाच तास खेळतात. ते संपतं आणि काही मिनिटांत सुपर ओव्हर. पंधराला पंधरा, मग चौकारांच्या मोजणीवर इंग्लंड, २६ विरुद्ध १७. असल्या नियमाने विश्वचषक देणं हा न्यूझीलंडवर अन्याय होता, आणि हे पबातल्या दोन-चार इंग्रजांनीही कबूल केलं तर नवल मानू नका.

आता परत या. पुढच्या उन्हाळ्यात खरंच निघाला असाल तर भारताचा सामना साउथॉल, वेम्बली किंवा हॅरोकडच्या देशी पबात बघा, रग्बी ट्विकनहॅमला, आणि मोठ्या सामन्याला टेबल आधी राखून ठेवा. एक गोष्ट मात्र तिथे मिळणार नाही. शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात इंग्लंडमध्ये फुटबॉलचा सामना थेट दाखवायला आजही मनाई आहे. सगळेच घरी किंवा पबात बसून बघायला लागले तर लहान क्लबांच्या मैदानावर कोण जाईल, या १९६० च्या दशकातल्या भीतीपोटी ती लागली आणि अजून उठलेली नाही. शनिवारी तीनचा प्रीमियर लीगचा सामना बघायचा असेल तर लंडनला जाऊ नका. पुण्यातच थांबा आणि संध्याकाळी साडेसातला टीव्ही लावा, हिवाळ्यात साडेआठला.